एका दाराचं घर

आमच्या घरात कुलूप होतं ते फक्त शोकेसला. अम्मीच्या बांगड्या तांदळाच्या डब्यात असायच्या, अब्बांचे जुने पासपोर्ट उशीच्या अभ्र्यात, आणि राजिवड्यातल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांचं पुढचं दार तर दिवसभर सताड उघडं. पण शोकेसला कुलूप, आणि त्याची किल्ली फुफूच्या कमरेला. फुफू म्हणजे अब्बांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडे आली ती घराची मालकीण होऊनच. शोकेसच्या आत काय होतं? कुवेतहून आलेला, कधी चहाचं तोंड न पाहिलेला कपबशांचा सेट, अत्तराच्या रिकाम्या बाटल्या, तासाला मान हलवणारा उंट असलेलं एक घड्याळ, ज्यातला उंट रत्नागिरीची हवा लागताच बसला, आणि प्लॅस्टिकची फुलं, जी फुफू साबणानं धुऊन उन्हात वाळवायची. आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घरात अशी शोकेस असायची आणि तिच्यावरून त्या माणसाची नोकरी कशी चाललीय ते मोहल्ल्याला कळायचं. वापरायच्या वस्तू वेगळ्या आणि तिकडून आलेल्या वस्तू वेगळ्या. ह्यात गोंधळ करणाऱ्या पोराला धपाटा मिळायचा. मला बरेच मिळाले.

अब्बा दीड-दोन वर्षांनी महिनाभरासाठी यायचे. ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि ते पहिल्यांदाच गाडीनं आले. आल्या आल्या त्यांनी एसटीची आठवण काढली. एसटीच्या टपावर खोका चढवला की कंडक्टरची तरी जबाबदारी असायची, गाडीत कुणाला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. खोका भलामोठा होता, नायलॉनच्या दोरीनं आवळलेला, चारी बाजूंना अब्बांचं नाव जाड अक्षरांत. फुफूनं कोयतीनं दोरी कापली आणि नेहमीचा माल बाहेर आला: दुधाच्या पावडरीचे डबे, टॉर्च, साबण आणि दोन जाडजूड ब्लँकेटं. रत्नागिरीत त्या ब्लँकेटांचा उपयोग एकच, पाहुण्यांना दाखवणं. सगळ्यात खाली माझ्यासाठी एक पेटी होती. मी डोळे मिटणारी बाहुली मागितली होती. पेटीत लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचं अग्निशमन केंद्र निघालं. दुकानदारानं सांगितलं म्हणे, हल्ली मुलीपण हेच खेळतात. अब्बांनी विश्वास ठेवला. अब्बांचा सगळ्यांवरच विश्वास असे.

मला आठवतं, त्या दुपारी जेवायला सांदणं आणि कोंबडीचं सालन होतं. जेवून सगळी आडवी झाली, आणि अब्बा लुंगी सावरून चटईवर बसले नि त्यांनी ती पुस्तिका उघडली. तिच्यात अक्षर एक नव्हतं, नुसती चित्रं. हा ठोकळा इथं, मग तो तिथं. अब्बा ती इतक्या गंभीरपणे वाचत होते की मला वाटलं शेवटी कुठंतरी सही करावी लागणार. ठोकळे द्यायचं काम माझं, बसवायचं त्यांचं. एकावर एक दाबला की टक्क असा आवाज यायचा आणि अब्बा दर टक्कला मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी केंद्र उभं राहिलं. गाडी, शिडी, पाण्याचा पाइप, दारात हेल्मेट घातलेला एक इवलासा जवान. फार देखणं होतं. फुफूनं ते दोन्ही हातांनी उचललं, शोकेसमध्ये उंटाशेजारी ठेवलं आणि कुलूप लावलं. महिना संपला, अब्बा गेले. मी रोज शाळेतून आल्यावर काचेला नाक लावून माझं खेळणं बघायची, आणि फुफू ओरडायची, "काच घाण करू नको गो, आत्ताच पुसलीय!"

(आम्ही घरात बोलायचो ती आमची कोकणी. ती जशीच्या तशी लिहिली तर दापोलीपलीकडचा वाचक अडखळेल आणि दोष मला देईल. म्हणून सगळ्यांची बोलणी मी थोडी धुऊन लिहिते आहे. फुफूची तर जास्तच धुवावी लागली.)

ईदच्या आदल्या आठवड्यात फुफू शोकेस साफ करत होती आणि अग्निशमन केंद्र जमिनीवर आलं. मोठा आवाज झाला. ठोकळे पार पलंगाखाली गेले. फुफू म्हणाली, "आपोआप पडलं." आमच्याकडे फुफूच्या हातून कधीच काही पडत नसे. मग पुस्तिका शोधली. ती फुफूनंच सुकटीच्या डब्याच्या तळाला घातली होती, कागद चांगला जाड होता म्हणून. बाहेर काढली तेव्हा पहिली दोन पानं शाबूत होती, बाकीच्यांवर डाग आणि वास. तो वास कधी गेला नाही. फुफूनं किल्ली कमरेला खोचली आणि मला फर्मान सोडलं, "तुझा बाप यायच्या आत उभं कर. कसंपण कर." लोक मला कधीकधी विचारतात, ह्या नकाशे-बांधकामाची आवड कशी लागली. आवड वगैरे काही नाही. फुफूच्या धाकानं लागली.

आठवणीतून काही ते केंद्र उभं राहिना. भिंत व्हायची, पण हात लागला की मधोमध उभी फाटायची. दारावर काही टिकत नव्हतं. वैतागून मी दोनदा सगळं पलंगाखाली ढकललं नि रडत बसले. त्याच सुमारास मिरजोळ्याच्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, अब्बांनी घेतलेल्या जागेत घराचं जोतं बांधायला सुरुवात झाली होती. नकाशा अब्बांनी स्वतः काढून पाठवला होता. रविवारी अम्मी आणि मी जोत्यावर पाणी मारायला जायचो. भाकरी आणि तळलेले बांगडे घेऊन जायचो नि कातळावर बसून खायचो. तिथं गुणाजी गवंडी जांभ्या दगडाचे चिरे लावत असे. मी बघत बसलेली दिसली की तो खेकसायचा. एकदा मी दोन चिरे खेळ म्हणून एकावर एक ठेवले, तर म्हणाला, "गो बाय, सांध्यावर सांधा आला की भिंत उभी फुटता. वरचो चिरो खालच्या दोघांवर बसाक होयो." आणि माझे चिरे उचलून त्यानं जोत्याच्या भिंतीत लावून टाकले. मी घरी येऊन ठोकळे काढले. वरचा खालच्या दोघांवर. भिंत ओढून बघितली. सुटली नाही. मी ओरडलेच, अम्मीला वाटलं विंचू चावला.

त्यानंतर मला अग्निशमन केंद्रात काही रस राहिला नाही. जे डोळ्यांसमोर होतं ते करावंसं वाटायला लागलं. आधी रिक्षा केली, तिला चार चाकं लागली कारण तिसरं चाक मध्ये बसवायला ठोकळा नव्हता. मग जेटी केली, तिच्यावर माशांचा लिलाव, पाइपचे तुकडे म्हणजे सुरमई. एसटी स्टँड केला, तो इतका हुबेहूब होता की त्याच्यात बसायला जागा नव्हती. हळूहळू कळायला लागलं की आपल्या मनानं काही करायचं असेल तर आधी ठोकळे नाही, अडचणी मोजायच्या. खिडक्या चारच आहेत, मग त्या कुठं हव्यात ते पहिलं ठरवायचं. लाल कमी पडणार, मग लाल पुढच्या बाजूला. हे गणित शाळेतल्या गणितापेक्षा मला लवकर जमलं आणि त्याबद्दल शाळेत कुणी मार्क दिले नाहीत. मी हल्ली लोकांच्या घरांचे नकाशे काढून पोट भरते. गिऱ्हाईक पहिल्या भेटीत हॉल किती मोठा होईल ते विचारतं. मी विचारते, खिडक्या कितीच्या परवडतील? माझं फार मोठं नाव झालेलं नाही.

अब्बा पुढच्या खेपेला आले तेव्हा जोतं पुरं झालं होतं. ते महिनाभर राहणार होते, ते जायच्या आत भिंती सुरू करायच्या होत्या, म्हणजे जे काय बदलायचं ते आत्ताच. शोकेसमध्ये त्यांनी पाहिलं तर उंटाशेजारी जेटी. फुफू म्हणाली, "पोरीनं मोडून दुसरं केलं." अब्बांनी जेटी काढून घेतली, डोळ्यांजवळ धरली, उलटी केली, सुरमई खाली पडल्या. मी त्या वेचायला लागले. "हे कशात बघून केलंस?" "कशातच नाही." अब्बांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं मी दहावी पास झाले. म्हणाले, "मग आपलं घर कर. नकाशा देतो. सगळ्यांना दाखवू."

मी आठवडाभर शाळेतून येऊन तेच केलं. खाली हिरवी पाटी, अब्बांच्या एका पावलाला एक ठोकळा, पुढची भिंत लाल, बाकीच्या पांढऱ्या. छप्पर ठेवलं नाही, आतलं दिसावं म्हणून. भलामोठा हॉल, दोन बेडरूम, आतच संडास-बाथरूम, सगळ्यात मागं स्वयंपाकघर, त्याला एक खिडकी आणि पंख्यासाठी भोक. अग्निशमनवाल्या जवानाला मी घरात राहायला ठेवलं. दुसरं माणूसच नव्हतं माझ्याकडे. अब्बा येईल त्याला दाखवायचे. पुरुष हॉल बघायचे आणि माशाल्ला म्हणायचे. बायका यायच्या, त्या मात्र वाकून आधी मागची बाजू बघायच्या, मग अम्मीकडे बघायच्या, आणि मग म्हणायच्या, "छान आहे हो." अम्मी चहा ठेवायला निघून जायची. एकटी फुफू काय ती बोलली. घराभोवती फिरून आल्यासारखं बोट फिरवलं आणि म्हणाली, "शिरायचं कुठून ते कळलं. निघायचं कुठून?"

घराला मागलं दार नव्हतं. अब्बांनी काढलंच नव्हतं, आणि मी नकाशाबरहुकूम केल्यामुळे माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आमच्याकडे मागलं दार म्हणजे काय ते सांगायला हवं. पुढच्या खोलीत परका पुरुष येऊन बसला की बायका पुढून ये-जा करत नसत. आणि पुढच्या खोलीत कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. मासेवाली मागल्या दाराशी टोपली उतरवायची. मासे तिथंच विळीवर कापायचे, कावळे-मांजरं हाकलत. सुकट वाळवायची, फणस चिरायचा, न्हाणीचं पाणी तापवायचं, शेजारणींबरोबर तांदूळ निवडत हसायचं, भांडायचं, रडायचं असेल तर तेही तिथंच. अम्मीचा दिवस तिथं जायचा. अब्बा इतकी वर्षं परदेशात आठ पुरुषांच्या एका खोलीत राहत होते. त्या खोलीला दार एकच होतं आणि त्यांचं कधी काही अडलं नव्हतं. त्यांनी मोठ्या हौसेनं, घामाच्या पैशातून तसंच घर काढलं होतं, फक्त मोठं.

एका सकाळी अम्मी मागं बसून बांगडे साफ करत होती आणि मी राख आणून देत होते. ती एकदम म्हणाली, "त्या घरात मी गुदमरून जाईन गो." मी म्हटलं, अब्बांना सांग ना. तर म्हणाली, "मी कशी सांगू? माणूस जन्मभर राबून घर बांधतोय, त्यात खोड काढू? तू सांग. तुझं ते ऐकतील." अम्मी अब्बांशी फुफूच्या देखत कधी सरळ बोलत नसे. "नजमा, अब्बांना विचार भात वाढू का," असं अब्बांच्या शेजारी बसून म्हणायची. अब्बा मला सांगायचे, "नको म्हण." मी मध्ये बसून जेवायची. इतका भात मी सांगितला, पण दार काही सांगवेना. मला अब्बांचा तो फुललेला चेहरा घालवायचा नव्हता. आणि अम्मीचा उतरलेला बघवत नव्हता.

शुक्रवारी जुम्म्याहून येऊन अब्बा जेवले, बडीशेप तोंडात टाकली, तेव्हा मी घर पुढ्यात ठेवलं. हॉलमध्ये तीन पांढरे ठोकळे मांडले. "हे मामू, हे तुमचे दोस्त, हे मौलवीसाहेब." जवानाला उचलून स्वयंपाकघरात उभा केला. "ही अम्मी." अब्बांनी हेल्मेटवाल्या अम्मीकडे बघितलं. "आता मासेवाली आली. अम्मी कुठून जाणार?"

"पुढून."

"मौलवीसाहेबांसमोरून? मासे घेऊन?"

"मग मासेवालीला जरा थांबायला सांगायचं."

"मासेवाली थांबते?" फुफू कॉटवरून म्हणाली. "आणि मौलवी जेवल्याशिवाय उठतो?"

अब्बांचा आवाज चढला. "दोन दारं म्हणजे दोन कुलपं. सड्यावर एकटी बायकामाणसं राहणार, चोराला मागून वाट करून देऊ? मी राहतोय ना इतकी वर्षं एका दारानं? काय बिघडलं माझं?"

पडदा हलला आणि अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसले, माझ्या शेजारी बसली, आणि घर पुढ्यात ओढलं. मला वाटलं, एक ठोकळा काढून दार करेल. तिनं मागची भिंत काढली. मग बाजूची. मग सगळंच. टक्क टक्क करत आठवड्याचं काम पाटीवरून उतरलं. "अम्मी, काय करतेस!" मी किंचाळले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. सड्यावरचं घर तिचं असेल, पण हे ठोकळ्यांचं माझं होतं. तिनं ऐकलंच नाही. ती बांधायला लागली. तिला काही येत नव्हतं, सांध्यावर सांधे, भिंती वाकड्या. तरी बोटं न थांबता चालली होती. म्हणजे मनात ते घर कधीचंच बांधून तयार असणार. हॉल इवलासा झाला. मागं दार झालं, दाराला लागून लांबरुंद पडवी. एक खोली फुफूला, खिडकीसह. एक खोली तिची आणि माझी. स्वयंपाकघर ऐसपैस. ठोकळे संपले आणि ती थांबली.

अब्बा वाकून बघत होते. राग कुठं गेला होता कुणास ठाऊक, एखाद्या दुकानात शिरल्यासारखे एकेक खोली बघत होते. बोट फिरवत फिरवत शेवटी म्हणाले, "आणि माझी खोली?"

अम्मीनं वर बघितलं. "तुम्ही असता कुठं?"

ती टोमणा मारत नव्हती. चहा किती कप ठेवायचा ते मोजताना जशी घरातली माणसं मोजायची तशी तिनं खोल्यांसाठी मोजली होती, आणि अब्बा त्यात आले नव्हते. बोलून गेल्यावर तिलाही ते ऐकू आलं. तिनं तोंडावर पदर घेतला. फुफू, जिला जगात प्रत्येक गोष्टीवर काही म्हणायचं असे, ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाहेर खाडीत कुणाची तरी होडी सुरू होत होती, बंद पडत होती, परत सुरू होत होती. अब्बांनी हॉलमधले तीन ठोकळे, मामू, दोस्त आणि मौलवीसाहेब, चटईवरून गोळा केले आणि पेटीत टाकले. चप्पल घालून ते बाहेर गेले, ते दिवस बुडाल्यावर, मगरीबच्या नमाजानंतरच आले. त्या दिवशी भात हवा की नको हे मला कुणी विचारायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा म्हणाले, "चला जागेवर." अम्मीला वाटलं पाणी मारायला. तिनं बुरखा घातला, कळशी घेतली. सड्यावर वारा होता, गुणाजी चुना कालवत होता. अब्बांनी कोपऱ्यात ठेवलेलं फक्कीचं घमेलं उचललं, तीच पांढरी पूड, जिनं जमिनीवर आखणी करतात, आणि जोत्यावर चढून स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला दोन रेघा ओढल्या. "हितं दार." गुणाजी म्हणाला, "भाऊ, नकाशात नाय." अब्बा म्हणाले, "आता आहे." मग जोत्यावरून मागं उतरले आणि उघड्या कातळावर फक्की सोडत एक मोठा चौकोन काढला. पडवी. आणि पडवीच्या कडेला, भिंतीला धरून, आणखी एक लहान चौकोन.

त्या लहान चौकोनात ते उभे राहिले. मग चपला काढल्या आणि सरळ कातळावर आडवे झाले, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यानिशी. गुणाजीनं कालवणं थांबवलं. अब्बा आकाशाकडे बघत म्हणाले, "नजमा, तुझ्या अम्मीला विचार, इथं माझी खाट बसेल का." मी अम्मीकडे बघितलं. ते कुशीवर वळले होते, गुडघे पोटाशी. इतक्या वर्षांत तिकडच्या दुमजली खाटेवर ते असंच झोपायला शिकले होते आणि घरी आले तरी तसेच झोपायचे. मला वाटायचं, माझे वडील बुटके आहेत.

अम्मी जोत्यावरून उतरली. गुणाजी बघत होता तरी थांबली नाही, मला काही सांगितलंही नाही. चौकोनाच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाय आखडून कशाला निजताय? सरळ करा."

अब्बांनी पाय सरळ केले. ते रेघेच्या बरेच बाहेर गेले. अम्मीनं बुरख्याच्या बाह्या मागं सारल्या, घमेल्यात हात घातला, आणि ती रेघ पायानं पुसून, त्यांच्या टाचांच्या पलीकडे, नवी ओढली.